रिकामा ट्रे

वसू, परवा तुझ्या स्टुलावर दुसरंच कोणी बसलं होतं. ग्वाल्हेरहून येणारे भूलतज्ज्ञ, वयाने आपल्याएवढेच, सज्जन माणूस. बसण्याआधी त्यांनी स्टूल उंच करून घेतलं, कारण तू ते तुझ्या मापाने पार खाली उतरवून ठेवलं होतंस. रामकली सिस्टर ते बघत उभी राहिली आणि मग काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर गेली. मी हात धूत होते. मला त्या बिचाऱ्या माणसाचा राग आला. स्टूल उंच केलं म्हणून, बाकी त्यांचा काही दोष नव्हता.

तुझा तेरावा नुकताच झाला. आलेल्यांत निम्मी माणसं मराठी नव्हतीच. मोठ गावची, बबीन्याची, झाशीच्या आसपासच्या खेड्यांतली, तुला ‘बेहोशीवाली डॉक्टरनी जी’ म्हणून ओळखणारी. या नावावर तू चिडायचीस. "बेहोश काय कोणीही करेल," तू म्हणायचीस, "डोक्यात दगड घातला तरी माणूस बेहोश होतो. परत आणायला मी लागते." आणि ऑपरेशन संपलं की पेशंटच्या कानाशी वाकून तू अस्सल बुंदेलीत हाक मारायचीस, "उठो जिज्जी, हो गओ." बाई डोळे उघडेपर्यंत तू तिच्या गालावरून हात काढायची नाहीस.

तुला घरी आणून खाली निजवलं होतं तेव्हा मी तुझ्या कानाशी वाकले होते. लोकांना वाटलं, नमस्कार करतेय. मला म्हणायचं होतं, उठ ग वसू, झालं. म्हटलं नाही. घर माणसांनी भरलं होतं आणि श्रीकांत भिंतीला टेकून माझ्याकडेच बघत होता. बायकोची मैत्रीण वेडी झाली, एवढं अजून त्याच्या डोक्यावर नको, असं वाटलं.

तू मला कधी झाशीची मानलंच नाहीस. तुझे पूर्वज पौरोहित्य करायला इथे आले ते पेशवाईच्या काळात, तुमचं घर लक्ष्मी तालाच्या तळ्याकडे, महालक्ष्मीच्या देवळात तुमच्या घरचं हळदीकुंकू आधी. माझे वडील भुसावळहून रेल्वेच्या वर्कशॉपात आलेले. "तुम्ही बदलीवरची माणसं," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, अग, माझा जन्म इथला, शिक्षण इथलं, लग्न इथलं, आता बदली व्हायची कुठे? "ऑर्डर यायची असेल अजून," तू म्हणायचीस आणि चहात साखर ढवळत बसायचीस. ऑर्डर तुझीच आधी आली.

तुमच्या घरातले जुने शब्द तू थिएटरमध्ये बिनदिक्कत वापरायचीस. औषधांच्या कपाटाला तू फडताळ म्हणायचीस. सगळा स्टाफ हिंदी आणि बुंदेली बोलणारा, पण बघता बघता वॉर्डबॉयसुद्धा "फडताल से ले आओ" म्हणायला लागले. नवीन सिस्टरला वाटायचं, हा वैद्यकातलाच कुठला शब्द असेल. आपण दोघी तोंडाला मास्क लावून त्यावर किती हसलो आहोत.

बाकी मराठी मात्र आपली खाजगी होती, निदान आपली तशी समजूत होती. कमरेतून भूल दिलेला पेशंट जागा असतो, सगळं ऐकत असतो. त्याच्यासमोर हिंदीत घाबरून चालत नाही. म्हणून अडचणीचं सगळं आपण मराठीत बोलायचो, तेही भाजीत मीठ कमी पडलंय अशा सुरात. "वसू, रक्त जरा जास्त जातंय ग." "हो का? प्रेशर उतरतंय इकडे, आटप." पेशंट शांत पडून राहायचा. घरी माझी मुलं मला हिंदीत उत्तर देतात, तुझी ईशाही तशीच. दिवसभरात मी पोटभर मराठी बोलत असे ती तुझ्याशी, आणि ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी उघड्या पोटावरून.

आता ट्रेबद्दल. यावरून आपण भांडलो तेवढं नवऱ्यांशी भांडलो नसू.

आपल्या भागात पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणजे जवळजवळ घरोघरचं. आणि ऑपरेशन झालं की नातेवाइकांना खडे दाखवायचे, ही इथली रीत. स्टीलचा वाकडा ट्रे, वर हिरवं कापड. मी थिएटरच्या दारात यायचे, कापड उचलायचे, आणि सगळी मंडळी वाकून बघायची. मोबाइलवर फोटो काढायची. मग ते खडे डबीत घालून घरी न्यायचे. मोठला एका घरात टीव्हीशेजारी ठेवलेली अशी डबी तू स्वतः बघून आली होतीस. "तू काय प्रसाद वाटतेस का?" तू मला म्हणालीस. मी म्हणाले, डोळ्यांनी बघितलं की माणसांचा विश्वास बसतो. तू म्हणालीस, "आणि ज्या दिवशी ट्रे रिकामा असेल त्या दिवशी?" मी हसले. पोटात खडे आहेत म्हणून तर पोट उघडतो, ट्रे रिकामा कसा असेल?

मग मोठची ती बाई आली. धान्याच्या अडत्याची सून, जेवण झालं की उजव्या कुशीत कळ यायची. सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, पित्ताची पिशवी आकसलेली आणि खड्यांनी भरलेली. असे रिपोर्ट मी कितीदा वाचलेले. तू तिला झोपवलंस, मी बेंबीतून दुर्बीण आत घातली, यकृत वर उचललं, आणि पिशवी जिथे असायला हवी तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत, स्वच्छ यकृत. खाच नाही, चिकटलेलं काही नाही.

मला वाटलं, आकसली असेल, आत दडली असेल. मी शोधायला लागले. आता सांगताना सोपं वाटतं, पण त्या वेळी पिशवी नसेलच हा विचार मनात यायला तयार नव्हता. माणसाला नाक असतं तशी पिशवी असते, एवढंच डोक्यात. मी खाली खाली उकरत मुख्य पित्तनलिकेपाशी गेले. तिथे एक जाडसर, हिरवट नळी दिसली आणि मी म्हणाले, "सापडली बहुतेक."

तू स्टुलावरून उठलीस. तू कधी उठायची नाहीस, तुझी जागा पेशंटच्या डोक्याशी. उठून आपल्या दोघींमधल्या कापडी पडद्यावरून स्क्रीनकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नंदे, थांब."

मी म्हणाले, अग, बघू दे जरा.

"थांब म्हणतेय ना. बाहेर ये."

एवढंच. मी चिडले, पण हत्यारं बाहेर काढली. नंतर एमआरआय झाला तेव्हा कळलं की त्या बाईला जन्मापासून पित्ताची पिशवीच नव्हती. आईच्या पोटात ती तयारच झाली नव्हती. सोनोग्राफीत आतड्याची एक घडी आणि त्यातली हवा दिसली होती, आणि बघणाऱ्यालाही माझ्यासारखंच वाटलं होतं की पिशवी असणारच. मी जिला पिशवी म्हणत होते ती तिची मुख्य नळी होती. ती कापली असती तर त्या बाईचं पुढचं आयुष्य दवाखान्यांत गेलं असतं, आयुष्य राहिलं असतं तर.

पण एमआरआय नंतरचा. त्या दुपारी मला रिकामा ट्रे घेऊन बाहेर जायचं होतं. खरं तर ट्रे नेलाच नाही, नुसती गेले. दारात सगळं कुटुंब. सासरे पुढे आले, "दिखाइए डॉक्टर साहब." मी म्हणाले, थैली मिली नहीं. "मिली नहीं माने?" मागून धाकटा दीर म्हणाला, "रिपोर्ट में लिखी है, पेट में छेद कर दिए, और निकाला कुछ नहीं?" मी पोटं उघडू शकते, पण असल्या वेळी मला धड वाक्य सुचत नाही, हे तुला माहीत होतं.

तू मागून आलीस, टोपीसकट. "लालाजी," तू म्हणालीस, "किसी-किसी को भगवान बिना थैली के ही भेजता है. जो है ही नहीं, वो कहाँ से निकालें? ज़बरदस्ती ढूँढते रहते तो जो है, वो कट जाता." त्यांचे चेहरे तसेच. मग तू ते तुझं नेहमीचं वाक्य म्हणालीस, जे प्रत्येक ऑपरेशननंतर शेवटी म्हणायचीस, माझं बोलून झाल्यावर. "होश में हैं. आपको बुला रही हैं."

या वाक्याने काय व्हायचं ते मी किती वेळा बघितलंय. माणसं ट्रे विसरायची. रिपोर्ट विसरायची. त्या दिवशीही सासऱ्यांनी खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं आणि ते आत गेले. मोठमध्ये पुढे बरेच दिवस माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, तो भाग वेगळा. ती बाई मात्र नुसत्या औषधांनी बरी झाली. तुझ्या तेराव्याला आली होती, मटारची पिशवी घेऊन. पंगतीत बसून शेजारच्या बाईला मोठ्या तोऱ्यात सांगत होती, "हमारे में तो थैली है ही नहीं. डॉक्टरनी जी ने कही थी, भगवान ने बनाई ही नहीं." मला रडू आलं आणि हसूही. तू असतीस तर कोपराने ढोसलं असतंस मला.

त्यानंतर तू मला छळायला लागलीस. पेशंट टेबलावर आला की भूल देण्याआधी तू विचारायचीस, "पिशवी आहे ना ग? नक्की कुठे आहे?" मी स्वतः सोनोग्राफी करणाऱ्याशी बोलल्याशिवाय तू सुईला हात लावायची नाहीस. भुलीच्या पुस्तकांत मान घालून बसणारी तू, पित्ताशयाच्या नाना तऱ्हा वाचून आलीस. कुणाला दोन असतात, एक काढली तरी दुखणं जात नाही. कुणाची यकृताच्या आत रुतलेली असते, काढायला गेलं तर रक्त थांबत नाही. कुणाची नुसती देठावर लोंबते आणि पिळा बसतो. कुणाची डावीकडे असते आणि तिच्या नळ्या कुठून कुठे जातील याचा नेम नसतो. किल्ल्याखालच्या टपरीवर चहा पिताना तू हे बोटांनी हवेत काढून दाखवायचीस आणि टपरीवाला आपल्याकडे बघत राहायचा. शेवटी म्हणायचीस, "देव सगळ्यांना एका साच्यात घालत नाही, नंदे. तुझे हात मात्र एकाच साच्यात चालतात."

इथून आपलं भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायचे, त्या दिवशी मी थांबणारच होते. तू म्हणालीस म्हणून नाही, मलाच शंका आली होती.

"नसती थांबलीस."

"थांबले असते."

"नसतीस ग."

वर्षानुवर्षं हेच. ना तू हटलीस ना मी. लोकांच्या लग्नांत, हळदीकुंकवाला, गाडीत, फोनवर. आणि या सगळ्या वर्षांत मी तुझे आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर भांडण तिथेच संपलं असतं आणि तू जिंकली असतीस. आता वाटतं, काय बिघडलं असतं? पण तू असतीस तर आजही मानले नसते, हेही खरं.

शेवटचं भांडण तुझ्या फाटकासमोर, माझ्या गाडीत झालं. मी जरा जास्त बोलले. म्हणाले, इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करतेस आणि माझ्यावर तुझा विश्वास नाही. तू पर्स उचललीस, दार उघडलंस. "विश्वास आहे म्हणून तर तुझ्या हातात माणसं झोपवून देते," तू म्हणालीस. "पण तू थांबत नाहीस. कशातच थांबत नाहीस." आणि दार लावून आत गेलीस. मी काच खाली करून काही म्हणायला हवं होतं. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, मी गाडी पुढे घेतली.

त्याच आठवड्यात तुझं हृदय थांबलं. एकदा परत सुरू केलं त्यांनी. मला आत येऊ दिलं नाही, मी डॉक्टर आहे म्हणून सांगितलं तरी. मी आणि श्रीकांत आयसीयूच्या दाराबाहेर उभे होतो, ज्या बाजूला मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. दार उघडलं की मी बाहेर येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. मला खडे बघायचे नव्हते, रिपोर्ट बघायचा नव्हता. मला तुझं ते एक वाक्य ऐकायचं होतं, कोणाच्याही तोंडून. ते कोणी म्हटलं नाही.

तर परवाची गोष्ट सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

तू गेल्यानंतरचं माझं पहिलं ऑपरेशन. बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या एका जवानाची बायको. भूल देण्याआधी कोणीच काही विचारेना, तेव्हा मीच मनात विचारलं, पिशवी आहे ना? होती. सोनोग्राफीवाल्याशी मी बोलले होते, पिशवी होती, खडे होते. दुर्बीण आत घातली. उजवीकडे, नेहमीच्या जागी, रिकामं. मग कॅमेरा फिरवला, आणि यकृताला मध्ये धरून ठेवणारा जो पडदा असतो, त्याच्या डावीकडे पिशवी दिसली. चांगली टपोरी, खड्यांनी फुगलेली. तू हवेत बोटांनी काढायचीस, तशीच.

मोठच्या बाईपेक्षा हे कठीण होतं, वसू. तिथे काही नव्हतंच. इथे समोर दिसत होती, हाताच्या अंतरावर. मुळाशी सगळं सुजून चिकटलेलं, नळी कुठून निघते आणि कुठे जाते ते दिसत नव्हतं. टेबलावरच नळ्यांचा एक्सरे काढायची सोय आपल्याकडे नाही. पण मी इतक्या पिशव्या काढल्या आहेत. हात म्हणत होते, काढ. बाहेर जवान आणि त्याची आई ट्रेची वाट बघत होते. ग्वाल्हेरचे डॉक्टर स्टुलावर शांत बसून होते, त्यांनी का बोलावं? त्यांच्या दृष्टीने पिशवी सापडली होती.

मी पुढे केलेलं हत्यार मागे घेतलं. स्वतःहून घेतलं, हे लक्षात ठेव. आणि त्याच क्षणी, पडद्याच्या पलीकडे, नेहमीच्या सुरात माझ्या तोंडून निघालं, "थांबू का ग?"

ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी मान वर केली, त्यांना वाटलं मी त्यांना काही म्हणाले. मला वाटलं, आता माझ्याने पुढेही जाववणार नाही आणि मागेही येववणार नाही.

मग माझ्या उजव्या हाताशी, हत्यारांच्या टेबलापासून, हळूच आवाज आला. "थांब, मैडम जी. बाहेर ये."

रामकली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून फडताळ सोडून मराठी शब्द ऐकला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं नाही, दोरा सुईत ओवत राहिली. मास्कवरच्या तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात निर्जंतुक, त्यामुळे पुसता येत नव्हतं. म्हणजे तिला सगळं कळत होतं, वसू. आपलं रक्त, प्रेशर, नवऱ्यांवरच्या तक्रारी, आणि थांबले असते, नसतीस, हेही सगळं.

मी थांबले. दुर्बीण काढली, टाके घातले. आता नळ्यांचा एमआरआय होईल आणि मग लखनौच्या मोठ्या रुग्णालयात तिचं ऑपरेशन होईल, नकाशा हातात घेऊन. तू म्हणशील, विचारलंस ना, म्हणजे एकटी नाहीच थांबलीस. मी म्हणेन, हात आधी मागे घेतला होता. भांडण राहिलंय आपलं, आणि आता मला ते जिंकायचंही नाही. तू त्या दिवशी उठून उभी राहिलीस, वसू. त्याचे आभार मी आज मानते.

ट्रे मी या वेळी बरोबर नेला, रिकामाच. दारात तो जवान आणि त्याची म्हातारी आई. आईने ट्रेमध्ये वाकून बघितलं, मग माझ्याकडे. "कछू नईं निकरो?" मी सांगितलं, थैली आहे, पण भगवानने दुसऱ्या बाजूला ठेवली आहे, रस्ता बघितल्याशिवाय हात घातला असता तर नको ते कापलं गेलं असतं. तुझीच वाक्यं, अडखळत, माझ्या रेल्वेच्या हिंदीत. जवान मान खाली घालून ऐकत होता. त्याची मूठ गच्च मिटलेली होती.

माझं बोलून झालं. आणि सवयीने मी मागे जरा सरकले, तुला जागा करून दिली.

ती दोघं माझ्याकडे बघत होती. मागे कोणी आलं नाही.

मग मीच म्हणाले, "होश में हैं. आपको बुला रही हैं."